काचेच्या आतली जाळी

चंदीगड, रात्रीचे साडेदहा.

हॉटेल छोटंसं, चौदाच खोल्यांचं. न रंगवलेल्या काँक्रीटच्या भिंती, त्यांवर शटरिंगच्या फळ्यांचे वळ मुद्दाम राखलेले. दार गडद हिरवं, बाथरूमचं पिवळंधमक. सगळं हे शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएच्या इमारतींतून आलंय, ते सांगायला नकोच.

खुर्च्याही त्याच घराण्यातल्या: सागवान, वेताची वीण, इंग्रजी व्ही उलटा ठेवावा तसे पाय. ल कॉर्बुझिएचा इथला सहकारी वास्तुकार पिएर जानरे, त्याच्या खुर्च्यांची नक्कल. मूळच्या खुर्च्या इथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी आणि कॉलेजांसाठी बनल्या. मोडल्या तेव्हा भंगाराच्या भावाने गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत त्यांनाच लाखांची बोली लागली. मग २०११ मध्ये केंद्र सरकारला जाग आली आणि विक्रीवर बंधनं आली. माझ्या खोलीतल्या खुर्चीने मात्र अर्ध्या तासात कंबर धरली. हा दोष जानरेचा की नक्कल करणाऱ्या सुताराचा, मूळ खुर्चीवर बसल्याशिवाय कसं सांगू!

मला खरी खटकली ती जाळी. पश्चिमेच्या खिडकीला सिमेंटची सुंदर जाळी आहे, पण काचेच्या आतल्या बाजूला! सकाळीच कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे सचिवालय-हायकोर्टाचा परिसर, पाहून आले होते, म्हणून जास्तच टोचलं. ल कॉर्बुझिएने सचिवालयाच्या अडीचशे मीटर लांब दर्शनी बाजूवर काँक्रीटचे खोल चौकोन काढलेत ते काही नक्षी म्हणून नाहीत. उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन बाहेरच अडावं आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन आत यावं, यासाठी ते आहेत. हायकोर्टावर तर छतावर दुसरं छत, छत्रीसारखं, मधून वारा खेळता. इथे ऊन आधी काच तापवतं, मग आत येऊन जाळीची सावली गादीवर पाडतं. फोटो झकास येतो, मीही काढला. चार वाजता एसी अठरावर आणला तेव्हा कुठे जीवात जीव आला.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. गच्चीवर जायला जिन्याऐवजी रॅम्प आहे. सचिवालयाच्या बाहेर काढलेल्या रॅम्पचीच ही आठवण, पण इथे ती नुसती दाखवायला नाही. चढ इतका हलका की चढतोय हे गच्ची आल्यावरच कळतं. संध्याकाळी एक आजी काठी टेकत, मध्ये थांबून खाली डोकावत, एकट्या वर आल्या. आईला आणायला हवं होतं. गुडघ्यांचं कारण सांगून ती आली नाही आणि मीही फार आग्रह केला नाही.

उद्या पहाटे सुखना तलाव. जानरे इथे १९६५ पर्यंत राहिला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा त्याच पाण्यात सोडली. गजर साडेपाचचा लावलाय. दिवा मालवायचं बटण मात्र अजून सापडलेलं नाही, भिंतीच्याच रंगाचं केलंय.