नॉर्डलिंगनमधली एक रात्र

शनिवार, जून. रात्रीचे अकरा वाजून गेलेत.

आत्ताच पुन्हा हाक आली. खिडकी उघडी टाकून बसले आहे. सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्यावर, इतक्या उंचावर, एक माणूस उभा आहे आणि काळोखात लांबवून म्हणतो आहे, "सोऽ ग्सेल, सोऽ." दहा वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने. शेवटची हाक बाराला. तेवढी ऐकूनच झोपायचं ठरवलं आहे. लेक पलीकडच्या पलंगावर केव्हाच झोपली, दिवसभर तिला मी फार चालवलं.

आले होते दगड बघायला. मेहकरच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला, आणि दरवर्षी आठवीच्या मुलांना एसटीने लोणारला नेलं. विवराच्या काठावर उभं करून सांगायचे, "हा खड्डा ज्वालामुखीचा नाही, आकाशातून आलेल्या दगडाचा आहे." एखादा तरी विचारायचाच, "बाई, असा खड्डा आणखी कुठं आहे?" मी सांगायचे, जर्मनीत आहे, रीस नावाचा, आणि त्याच्या पोटात एक अख्खं गाव वसलेलं आहे. सांगायचे पुस्तकातून. लेक-जावई ऑग्सबर्गला राहायला आले तेव्हा पहिला विचार मनात आला तो या गावाचा, नॉर्डलिंगनचा.

ऑग्सबर्गहून डोनाऊव्हर्टला गाडी बदलली. हारबुर्गचा किल्ला मागे पडला आणि डोंगर एकदम बाजूला सरले. सपाट, हिरवी, गव्हाची जमीन. लोणारला काठावर उभं राहिलं की सगळं विवर एका नजरेत मावतं, पावणेदोन-दोन किलोमीटरचंच ते. इथलं जवळजवळ पंचवीस किलोमीटर. आपण आत शिरलो हे कळतच नाही. मनोऱ्याच्या ३५० पायऱ्या चढून गेले (गुडघ्यांनी मधे दोनदा बसायला लावलं), वरच्या सज्जावरून पाहिलं, तेव्हा कुठे क्षितिजावर चहूबाजूंनी ती निळसर कड दिसली. वरून नव्याण्णव गावं दिसतात असं इथले लोक म्हणतात. मी मोजली नाहीत, मला ती कडच पुरली. दीड कोटी वर्षांपूर्वी साधारण किलोमीटरभर रुंदीचा दगड इथे आदळला, आणि आज त्याच जागी कुणाचं तरी वाळत घातलेलं धुणं दिसत होतं.

चर्च त्याच आघाताच्या दगडाचं आहे. सुएव्हाइट. राखाडी, किंचित हिरवट, आणि मधेमधे काळ्या काचेचे चपटे तुकडे. त्या तुकड्यांना इथले लोक 'फ्लेडले' म्हणतात. दुपारी खानावळीत सूप मागवलं, त्यात धिरड्याच्या कापलेल्या पट्ट्या सोडलेल्या होत्या, त्यांचंही नाव फ्लेडले! दगडातल्या काचेला सुपातल्या धिरड्याचं नाव द्यायचं, हे स्वयंपाकघरातूनच सुचलं असणार. १४२७ ते १५०५ अशी या चर्चची बांधणी चालली. ज्यांनी ते बांधलं त्यांना हा आकाशाचा दगड आहे हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. पुढेही कित्येक पिढ्या हा ज्वालामुखीच समजला गेला. १९६० साली अमेरिकेचे भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर आले, जवळच्या ओटिंगच्या खाणीतून दगड घेऊन गेले, त्यात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, आणि वाद मिटला. कोएसाइट व्हायला जो दाब लागतो तो ज्वालामुखीच्या तोंडाशी मिळत नाही. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर याच खाणींमधून दगड ओळखायला शिकले आणि मग चंद्रावर गेले. इथल्या संग्रहालयात चंद्रावरचा खडा ठेवला आहे. काचेपाशी मी बराच वेळ उभी होते. माझी आठवीची मुलं फार आठवली.

भिंतीला हात लावून पाहिला. हाताला भुगा लागतो, हा दगड ऊनपाऊस फारसा सोसत नाही. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळातला आपला काळा दगड आठवला, अजून कसा टणक आहे तो.

पण आज रात्री मी दगडाबद्दल लिहायला बसलेले नाही.

हे गाव बाजाराचं. गल्ल्यांची नावंच वाचत फिरावं. वाइनमार्क्ट म्हणजे द्राक्षारसाचा बाजार, ब्रेटरमार्क्ट फळ्यांचा, रूबेनमार्क्ट सलगमांचा, ओब्स्टमार्क्ट फळांचा. आपल्याकडे जशी बोहरी आळी, तांबट आळी. जुना तट वर्तुळाकार होता, गाव वाढलं तसा १३२७ पासून बाहेरून दुसरा तट बांधला. २.७ किलोमीटर, पाच वेशी, आणि वरून सबंध फेरी मारता येते, तीही छपराखालून. पहिल्या तटाच्या जागी आता गोल रस्ता आहे. लोकर आणि कातडं हा इथला जीव. इथली जत्रा १२१९ पासून कागदोपत्री आहे, सुरुवातीला ती व्यापाऱ्यांची मोठी पेठच होती. आज तीच जत्रा भरलेली होती, बाल्डिंगर वेशीबाहेरच्या कुरणात. पाळणे, भाजलेल्या बदामांचा वास, आणि एका बाजूला भांडी, चाकू, ब्रश, कापड विकणाऱ्यांच्या रांगा. एक बाई किसणी कशी चालते ते गाजर किसून दाखवत होती, भोवती बायकांचा घोळका. अगदी लोणारची नवरात्रातली कमळजादेवीची जत्रा. मी किसणी घेतली.

तर ती हाक. तिची गोष्ट अशी सांगतात. १४४० साल. ओटिंगनच्या सरदाराला हे गाव हवं होतं, त्याने वेशीच्या पहारेकऱ्यांना फितवलं. ल्योप्सिंगर वेस रात्री नुसती लोटून ठेवायची, कडी घालायची नाही. त्या संध्याकाळी घोंगड्या विणणाऱ्या एका विणकराची बायको नवऱ्यासाठी बिअर आणायला निघाली होती. वेशीपाशी एक डुकरीण अंग घासत होती, आणि दार हललं. बाईच्या लक्षात आलं. ती ओरडली, "सो, ग्सेल, सो!" म्हणजे साधारण, "असं आहे होय रे गड्या!" गाव वाचलं. तेव्हापासून मनोऱ्यावरून हीच हाक.

आज त्या वेशीत गेले. दारातून गाड्या जातात, वर तटाचं संग्रहालय आहे. विणकराची बायको एवढीच तिची ओळख. नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण शब्द तिचे, आणि गाव रोज रात्री ते म्हणतं. मला ही गोष्ट फार आवडली होती. दुपारी चारपर्यंत.

चारला वाइनमार्क्टात मारिया होलच्या नावाचं कारंजं पाहिलं. लेकीने पाटी वाचून दाखवली, आणि पुढचं मी तिला फोनवर शोधायला लावलं. १५८९ ते १५९८ या वर्षांत या गावाने चौतीस बायकांना आणि एका पुरुषाला चेटकाच्या आरोपाखाली मारलं. बाहेरच्या कुणी नाही, इथल्याच पंचांनी, इथल्याच बायका. मोठ्या घरच्यासुद्धा होत्या. रेबेका लेंप ही गावाच्या खजिनदाराची बायको, लेकुरवाळी. कोठडीतून तिने नवऱ्याला लिहिलेली पत्रं राहिली आहेत. आधी, मी निर्दोष आहे, घाबरू नका असं. छळ सुरू झाल्यावर, मला मरण येईल असं काहीतरी पाठवून द्या, असं. नवऱ्याने पंचांकडे तिच्यासाठी रदबदली केली. १५९० मध्ये तिला जाळलं.

मारिया होल खानावळवाल्याची बायको, माहेर उल्मकडचं. १५९३ मध्ये धरलं. बासष्ट वेळा छळ केला. बासष्ट. ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली. कबुली नसेल तर शिक्षा देता येत नव्हती, आणि तिची कबुली येईना. माहेरच्या माणसांनी उल्मच्या पंचांना मधे घातलं, आणि १५९४ मध्ये तिला सोडावं लागलं. गावातली लाट तिथून ओसरली. ती पुढे चाळीस वर्षं जगली, म्हणजे ज्यांनी हे केलं त्यांच्यातच राहिली. पाणी भरायला, बाजाराला, चर्चला त्याच रस्त्यांनी गेली असेल ती.

ती गेली ते १६३४ साल. त्याच सप्टेंबरात गावाबाहेरच्या टेकडीवर युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धातली मोठी लढाई झाली, गावाच्या मदतीला आलेलं स्वीडिश सैन्य हरलं, गाव बादशाही फौजेच्या हाती पडलं. त्यातून इथला व्यापार पूर्वीसारखा कधीच उभा राहिला नाही. माझं म्हणणं असं की तट टिकला तो म्हणूनच. मोठ्या शहरांनी श्रीमंतीच्या भरात तट पाडले आणि रुंद रस्ते केले, इथे तशी गरज पडली नाही. आज आपण ज्याला सुंदर म्हणून फोटो काढतो ते बरंचसं ओढग्रस्तीने राखलेलं आहे.

पण मनात घोळतंय ते वेगळंच. एका बाईची हाक ऐकली म्हणून हे गाव वाचलं, ही गोष्ट गाव रोज सांगत आलं. जळणाऱ्या बायकांच्या रात्रीही पहारेकरी वर होताच. आणि त्याच गावात दीडशे वर्षांनी एक बाई बासष्ट वेळा नाही म्हणते आणि कुणाला ऐकू येत नाही. संध्याकाळी जेवताना लेकीला हे बोलले. ती म्हणाली, "आई, निदान कारंजं तरी बांधलंय." खरं आहे. नावानिशी बांधलंय, भर बाजारात. आपल्याकडेही डाकीण ठरवून बायकांना मारलं गेलं आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्या त्या बायकांची नावं कुठल्या चौकात आहेत, हे मी आजवर कधी विचारलंसुद्धा नव्हतं. भूगोल शिकवला, खड्ड्याचा व्यास पाठ करून घेतला. काठावरच्या गावांतल्या बायकांबद्दल मुलांना काहीच सांगितलं नाही.

उद्या सकाळी गाडीआधी वाइनमार्क्टात पुन्हा जायचं आहे. जत्रेत फुलं मिळाली तर घेऊन.

बारा वाजतायत. घंटा झाली.

हाक आली. लेक जागी झाली, म्हणाली, "अजून लिहितेस?" मी म्हटलं, "ऐक." दोघी गप्प राहिलो. मग तिने विचारलं, "काय म्हणाली होती गं ती बाई?" मी सांगितलं. तिने अंधारातच ते शब्द एकदा म्हणून पाहिले.