बोटीचा वार

आठवडी बाजाराच्या गावात वाढलेल्या माणसाला वाराचं महत्त्व शिकवावं लागत नाही. तारीख विसरली तर चालते, वार विसरला तर आठवडाभर शेजारणीच्या मिरच्यांवर भागवावं लागतं. निकाराग्वाच्या पूर्व किनाऱ्यासमोरच्या कॉर्न आयलंड्सना विमान टाळून जायचं ठरवलं, की हेच शहाणपण कामाला येतं. तिथे पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर?’ हा नसतो. ‘बोटीचा वार कोणता?’ हा असतो.

विमान आहे, नाही असं नाही. राजधानी मानाग्वाहून छोटं पंख्याचं विमान सकाळच्या चहानंतर उचलतं आणि जेवायच्या आत थोरल्या बेटावर उतरवतं. रस्त्याने आणि पाण्याने जायला दीड-दोन दिवस लागतात, आणि हिशेब चुकला तर पाचही. तरी लोक जातात. पैसे वाचतात हे एक. दुसरं असं, की बेटावरचं सिमेंट, पत्रे, साबण, कांदे आणि बिअरचे क्रेट याच वाटेने येतात. त्यांच्याबरोबर आलं म्हणजे बेटावर कांदा महाग का, हे कुणाला विचारावं लागत नाही.

बेटं दोन. थोरलं सुमारे 10 चौरस किलोमीटरचं, धाकटं जेमतेम 3 चौरस किलोमीटरचं. मुख्य भूमीपासून साधारण 70 किलोमीटर समुद्र. हा समुद्र ओलांडणाऱ्या मोठ्या बोटी रोज सुटत नाहीत. आठवड्यातले ठरावीक वार असतात, आणि ते वारही माल, दुरुस्ती आणि हवामान पाहून सरकतात. म्हणून या प्रवासाचा हिशेब शेवटाकडून मांडायचा. बोट ज्या सकाळी सुटणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी मुख्य भूमीवरच्या ब्लूफील्ड्स या बंदराच्या गावात पोचलेलं असावं. म्हणजे त्याच दिवशी पहाटे, किंवा त्याच्या आदल्या रात्री, मानाग्वा सोडावं. सुट्टी सोमवारपासून म्हणून सोमवारी निघणारा माणूस ब्लूफील्ड्सच्या धक्क्यावर तीन दिवस पेलिकन मोजत बसतो. पेलिकन पुष्कळ आहेत, पण तीन दिवस पुरत नाहीत.

मानाग्वाहून पूर्वेकडच्या गाड्या शहराच्या पूर्व टोकाच्या बाजारांतून सुटतात. स्टँड असा वेगळा नाही; भाजीच्या ढिगांतून वाट काढत गेलं की गाड्या दिसतात आणि ‘रामा, रामा, रामा’ असा पुकारा ऐकू येतो. मराठी कान टवकारतात, पण यात भक्तीचा भाग नाही. एल रामा हे नदीकाठचं गाव, आणि रामा हे या भागातल्या एका आदिवासी समाजाचं नाव. अंतर 290 किलोमीटरच्या आसपास. थेट जाणारी ती ‘एक्स्प्रेसो’. दुसरी प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक कोंबडीवाल्यासाठी थांबते आणि दोन तास जास्त घेते. गाडी बहुतेक वेळा अमेरिकेत निवृत्त झालेली शाळेची पिवळी बस असते. तिची बाकडी दहा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या मापाची. उंच माणसाने मधल्या वाटेकडची जागा धरावी, म्हणजे निदान एक गुडघा मोकळा राहतो. मोठी बॅग टपावर जाते. ती चढवणाऱ्या आयुदांतेला, म्हणजे क्लीनरला, आपण कुठे उतरणार हे स्वतः सांगावं, कारण बॅगा उतरायच्या क्रमाने रचतात. पासपोर्ट, पैसे, औषधं आणि कोरडा शर्ट टपावर ठेवू नये. टपावर ताडपत्री असते, पण तिची भोकंही तितकीच जुनी असतात.

2019 पासून आणखी एक वाट झाली. नुएवा गिनेआ या गावावरून थेट ब्लूफील्ड्सपर्यंत पक्का रस्ता गेला. त्याआधी एवढं मोठं गाव देशाच्या उरलेल्या भागाशी रस्त्याने जोडलेलंच नव्हतं. आता मानाग्वाहून रात्रीची बस धरली की सकाळी ब्लूफील्ड्स. सोय झाली खरी. पण वेळ हाताशी असेल तर एल रामाची जुनी वाट धरावी, असं आमचं मत. कारण तिथे रस्ता संपून पाणी सुरू होतं ते डोळ्यांसमोर, एका उताराच्या पायऱ्यांवर.

त्या पायऱ्यांशी पांगा उभे असतात. पांगा म्हणजे फायबरची लांबट, उघडी होडी, मागे एक-दोन इंजिनं, आडव्या फळ्यांवर चौघे-चौघे मिळून वीसेक माणसं. तिकीट घेताना नाव, देश आणि पासपोर्टचा नंबर यादीत लिहून घेतात. ती यादी बंदरावरच्या नौदलाच्या माणसाने पाहिल्याशिवाय होडी सुटत नाही. सुटायच्या या परवानगीला ‘सार्पे’ म्हणतात, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात या शब्दाइतका ताकदवान शब्द दुसरा नाही. पांगा भरला की सुटतो. पहिला पहाटेचा लवकर भरतो, दुपारचा भरेलच असं नाही. पुढे एस्कोन्दिदो नदीवरून दीड-दोन तास. नदीत लाट नसते, त्यामुळे हा तुकडा सुखाचा. फक्त पाऊस आला तर सगळ्यांच्या डोक्यावरून एकच काळं प्लास्टिक ओढतात आणि वीस अनोळखी माणसं एका पांघरुणात येतात.

पाऊस येतोच. ब्लूफील्ड्सला वर्षाला 4,000 मिलीमीटरच्या वर पडतो. कोकणातही धो धो पडतो, पण आपला पाऊस चार महिन्यांत हिशेब मिटवून जातो. तिकडचा उधारीवर चालतो, थोडा थोडा वर्षभर. त्यातल्या त्यात कोरडे महिने मार्च आणि एप्रिल. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. 1988 च्या ऑक्टोबरात जोन नावाच्या चक्रीवादळाने ब्लूफील्ड्स जवळजवळ जमीनदोस्त केलं होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश निळंभोर दिसतं आणि नवखा माणूस तिथेच फसतो. त्या दिवसांत ईशान्येचे व्यापारी वारे जोरात असतात. ऊन लख्ख, समुद्र मात्र खवळलेला. बोटी पावसाने अडत नाहीत, वाऱ्याने अडतात.

ब्लूफील्ड्सला पोचल्यावर भाषा बदलते. स्पॅनिशच्या जोडीला कॅरिबियन वळणाची क्रिओल इंग्रजी कानावर येते, कारण हा किनारा दीर्घकाळ इंग्रजांच्या छायेत होता आणि निकाराग्वाने तो 1894 मध्ये आपल्यात घेतला. गावाचं नावही अब्राहम ब्लाउफेल्ट नावाच्या डच चाच्यावरून पडलं. इथे उतरल्यावर खोली शोधण्याआधी धक्क्यावर जावं आणि तीन गोष्टी विचाराव्या: बोट नक्की कोणत्या सकाळी, कोणत्या धक्क्यावरून, आणि तिकीट आजच मिळेल का. भिंतीवर रंगवलेल्या वेळापत्रकावर विसंबू नये. रंग टिकतो, वेळ टिकत नाही. धक्क्याचा प्रश्न महत्त्वाचा, कारण गावासमोरचं लगून, म्हणजे समुद्राला जोडलेलं खाऱ्या पाण्याचं तळं, उथळ आहे. मोठ्या बोटींचं खरं बंदर लगूनच्या तोंडाशी, एल ब्लफला. बोट तिथून सुटणार असेल तर आधी छोट्या पांग्याने पलीकडे जावं लागतं. हा टप्पा ज्याने धरला नाही, तो हातात तिकीट घेऊन चुकीच्या धक्क्यावर उभा राहतो.

मोठी बोट पाच-सहा तास घेते. ती मुळात मालवाहू. माणसं ही वरची भर. शेवटची सिमेंटची गोण चढेपर्यंत ती हलत नाही, आणि उशीर होतो तो बहुधा याच कारणाने. लगूनच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत सगळे प्रवासी गप्पिष्ट असतात. बाहेर पडल्यावर बोलणं बंद होतं.

मराठीत बोट दोन प्रकारे लागते, धक्क्याला आणि माणसाला. दुसरा प्रकार टाळायचा तर गोळी बोटीत बसण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. जागा बोटीच्या मध्यावर आणि शक्य तितकी खालच्या मजल्यावर धरावी, कारण फळीच्या तराजूसारखी बोटीची टोकं जास्त हलतात, मधला भाग कमी. पण खाली म्हणजे बंद, थंडगार खोलीत नव्हे. तिथे डिझेलचा वास असतो आणि क्षितिज दिसत नाही. डोळा सांगतो ‘स्थिर आहे’, कान सांगतो ‘हलतंय’, आणि त्यांच्या भांडणाचा निकाल पोट लावतं. उघड्यावर, क्षितिजाकडे तोंड करून बसावं. उपाशी राहू नये. कोरडी बिस्किटं आणि आलेपाकाची वडी उत्तम.

थोरल्या बेटाचा धक्का ब्रिग बे इथे. बेटाला वळसा घालणारा बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्यावर टॅक्स्या फिरतात. एटीएम इथेच वापरून घ्यावं. धाकट्या बेटावर ते नाही, आणि इथलंही कधी रिकामं असतं. म्हणून थोडी रोकड ब्लूफील्ड्सहूनच आणलेली बरी. डॉलर चालतात, 2024 पासून सरकारी भाव एका डॉलरला साधारण 36.6 कोर्दोबा असा बांधलेला आहे. मात्र कडा फाटलेली नोट कुणी घेत नाही, आणि समुद्राने भिजलेल्या पाकिटातल्या नोटा तशाच होतात.

आता धाकटं बेट. अंतर पंधरा किलोमीटर, वेळ अर्धा-पाऊण तास, वाहन पुन्हा पांगा, सहसा दिवसातून दोनदा. सगळ्या प्रवासातला हा सर्वांत छोटा तुकडा, आणि वार या शब्दाचा दुसरा अर्थ इथे कळतो. धाकटं बेट थोरल्याच्या उत्तर-ईशान्येला आहे, म्हणजे जाताना होडी वाऱ्याच्या आणि लाटेच्या तोंडावर धावते. वेगात तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेवर चढते, क्षणभर हवेत राहते आणि आपटते. पुढच्या फळीवरच्या माणसाला तो दणका थेट मणक्यात बसतो. म्हणून जुनी माणसं गुपचूप मागच्या फळ्या धरतात. मागे पाणी जास्त उडतं, पण भिजलेला माणूस वाळतो. पाठ धरली तर आठवडा जातो. पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी पुढे बसूच नये. पुढेच बसायची वेळ आली तर दणक्याच्या क्षणी हातांवर भार घेऊन किंचित उठावं, बैलगाडीत उठतात तसं. बॅग कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीत घालून तोंड गाठ मारून बांधावं. एका पिशवीत दुसरी घातली तर आणखी चांगलं. परतीला वारा पाठीशी असतो आणि तीच होडी शहाण्यासारखी वागते.

वारा वाढला की आधी पांग्यांचं सार्पे बंद होतं, मग मोठ्या बोटींचं. प्रवासी कुरकुरतात, धक्क्यावर आवाज चढतात. स्थानिक माणसं मात्र वाद घालत नाहीत. 23 जानेवारी 2016 ला या दोन बेटांच्या मधे, वाईट हवेत निघालेली एक बोट बुडाली आणि कोस्टा रिकाचे 13 पर्यटक गेले. पंधरा किलोमीटरचं पाणी. एखादा तांडेल जास्त पैशांत ‘मी नेतो’ म्हणाला तर तो चांगला माणूस असला तरी त्याच्या होडीत बसू नये.

अडकलेला दिवस खाण्यात घालवावा. रनडाउन नावाचा पदार्थ मिळतो: नारळाच्या दुधात मासे, कच्ची केळी, कसावा आणि नीरफणस. सकाळी सांगितलं तर दुपारी मिळतं, कारण नारळ खवून दूध काढण्यापासून सुरुवात असते. मालवणी माणसाला पहिल्या घासाला घर आठवावं, आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. कॅरिबियनमधला नारळ तिथला नव्हे. हिंदी महासागराकडच्या नारळाचं बियाणं पोर्तुगीजांनी पश्चिम आफ्रिकेमार्गे तिकडे पोचवलं. नीरफणस 1793 मध्ये ताहितीहून आला. ही दोन्ही मंडळी आपल्यापेक्षा फार लांबच्या वाटेने, बोटीनेच, इथवर पोचली आहेत. 27 ऑगस्टच्या आसपास आलात तर खेकड्याचं सार घरोघर असतं; 1841 मध्ये त्या दिवशी इथले गुलाम मुक्त झाले. त्या दिवसांत बोटी तुडुंब भरतात, तेव्हा परतीची जागा उतरल्याबरोबर बोलून ठेवावी.

परतीचा हिशेबही उलटाच. देशाबाहेरच्या विमानाच्या आधी दोन दिवस मोकळे सोडावेत, जानेवारीत तीन. धाकट्या बेटावरून सकाळचा पांगा फार लवकर सुटतो. बेटावर मोटारी नाहीत. सामान एकचाकी हातगाडीवर जातं. तेव्हा हातगाडीवाल्याला आदल्या संध्याकाळीच सांगावं, आणि टॉर्च हाताशी ठेवावी. उजाडायच्या आधी नारळांखालच्या पायवाटेवर खेकड्यांची रहदारी असते, आणि बाजूला होण्याची त्यांना मुळीच सवय नाही.