तुम्ही विचारलंत म्हणून: “फुटला तर?”

टोकियोतल्या निशी-कासाई भागातल्या आमच्या घरी जेवायला येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतं. ग्लास उचलतात, रंगीत काचेत कापलेल्या रेघांवरून अंगठा फिरवतात, किंमत विचारतात आणि ती ऐकली की दोन्ही हातांनी जपून खाली ठेवतात. “अगं, हा रोज पाण्याला वापरतेस? फुटला तर?” पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मावशी हेच विचारते. ऑफिसातल्या जपानी मैत्रिणीही विचारतात. त्यांच्या घरी लग्नात आलेला किरिकोचा, म्हणजे नक्षी कापलेल्या जपानी काचेचा, ग्लास लाकडी खोक्यातच असतो आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा बाहेर निघतो.

तोंडी उत्तरं देऊन मी कंटाळले, म्हणून लिहायला बसले. शिवाय इतकी वर्षं जे उत्तर देत आले, ते आता माझं मलाच पुरत नाही.

ते जुनं उत्तर आधी सांगते. वस्तू वापरायलाच असते, असं मी ठासून सांगायचे. आमच्या चिंचवडच्या घरात हॉलमध्ये शोकेस होतं आणि त्यात आईचा काचेचा सरबताचा सेट होता. दिवाळीला तो धुवून, पुसून परत आत जायचा. त्यातून सरबत प्यायलेलं मला आठवत नाही. घर बदलताना तो कुणाला तरी देऊन टाकला. आपल्या घरात असं करायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

टोकियोत आल्यावर या ठरवण्याला इतिहासाचा आधार मिळाला. १८३४ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, ओदेन्माचो भागातल्या कागाया क्यूबेई या काचेच्या व्यापाऱ्याने एमरी या कठीण दगडाच्या पुडीने काचेवर नक्षी कापली. एदो किरिकोची सुरुवात तिथून धरतात. हा माणूस दुकानदार होता आणि गिऱ्हाईक गावातलं. दुसरीकडे दक्षिण जपानातल्या कागोशिमात, म्हणजे जुन्या सात्सुमात, सात्सुमा किरिको. त्याला पैसा आणि जागा दिली ती तिथल्या सरदार घराण्याने. १८५१ साली शिमाझु नारिआकिरा गादीवर आला आणि त्याने हे काम खूप वाढवलं. रंगीत काचेचा जाड थर तिरपा कापून गडद रंग हळूहळू पारदर्शक होत जातो, ती छटा त्यांची. अप्रतिमच आहे. पण तो गेला १८५८ मध्ये, १८६३ साली इंग्रजांच्या आरमाराने कागोशिमावर तोफा डागल्या त्यात कारखाने जळाले, आणि थोड्याच वर्षांत ती कला बंद पडली. ती परत सुरू झाली थेट १९८५ मध्ये. मधली जवळजवळ शंभर वर्षं कोरी.

मी काय म्हणायचे, की बघा, दरबारातली काच मेली आणि घरातली जगली. वापरलं तेच टिकलं. जेवणाच्या टेबलावर हे वाक्य फार छान चालतं. लोक माना डोलवतात आणि ग्लास पुन्हा उचलतात.

आज तेच वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं तर अडवेन. सात्सुमाची काच कुणी वापरली नाही म्हणून बुडाली नाही. धनी मेला, कारखाने जळाले, सत्ता उलटली म्हणून बुडाली. एदोची काच घरोघरच्या प्रेमावर जगली, हेही खरं नाही. १८८१ मध्ये सरकारी शिनागावा काचकारखान्यात इमॅन्युएल हॉप्टमन नावाच्या इंग्रजाला बोलावून चाकावर काच कापायचं तंत्र शिकवलं गेलं, पुढे पाश्चात्त्य पद्धतीच्या भांड्यांना गिऱ्हाईक आलं, कारखाने निघाले, म्हणून ती जगली. ज्या निळ्या आणि लाल रंगावर आपण भाळतो, तोही त्या सुरुवातीच्या, एदो काळातल्या ग्लासांना नव्हता. ते बिनरंगी होते. म्हणजे इतिहास माझ्या बाजूने साक्ष द्यायला तयार नाही. मी त्याला ओढून आणलं होतं.

पण इतिहासामुळे माझं मत हललं नाही. हललं ते बाबांमुळे.

बाबा टर्नर होते. पिंपरीच्या कंपनीत आयुष्य लेथवर आणि ग्राइंडरवर गेलं. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी पार्किन्सन्स सुरू झाला. आधी उजवा हात, मग दोन्ही. ते आणि आई आमच्याकडे टोकियोला आले तेव्हा शर्टाची बटणं आई लावून द्यायची. आईने येताना बॅगेतून त्यांचं स्टीलचं फुलपात्र आणलं होतं, अर्धंच भरायचं म्हणजे सांडत नाही.

आल्या आल्या त्यांनी आमच्या किरिकोच्या जोडीतला निळा ग्लास हेरला. पाणी प्यायला नव्हे, बघायला. खिडकीशी बसून मांडीवर टॉवेल घ्यायचे, त्यावर ग्लास ठेवायचे आणि उजेडाकडे धरून फिरवायचे. त्या ग्लासावर तळाकडून वर किकु-त्सुनागी आहे, म्हणजे बारीक सरळ रेघा इतक्या दिशांनी एकमेकींना छेदतात की शेवंतीची फुलं एकाला एक लागून उमललेली दिसतात. वळणदार रेघ एकही नाही. बाबांनी नखाने एकेक रेघ चाचपली. “ही बघ, इथे हात उचललाय त्याने. पुढे गेला असता तर शेजारचं फूल तुटलं असतं.” मला कित्येक महिन्यांत ते दिसलं नव्हतं. एक रेघ छेदापाशी केसभर अलीकडे थांबली होती.

मग मी त्यांना एका छोट्या कारखान्यात घेऊन गेले. सुमिदा आणि कोतो वॉर्डांत असे बरेच आहेत, खालच्या मजल्यावर काम आणि वर घर. तिथे काम करणारे गृहस्थ बाबांच्याच वयाचे असतील. कोऱ्या ग्लासवर उभ्या-आडव्या रेघा मारून त्यांनी मार्किंग केलेलं होतं. नक्षी कुठेच काढलेली नव्हती, फक्त चौकटी. बाबा मला म्हणाले, “ड्रॉइंग कुठाय?” ड्रॉइंग डोक्यात होतं. चाक उभं फिरत होतं, वरून पाण्याची धार. त्या गृहस्थांनी ग्लास दोन्ही हातांत धरून वरून चाकावर टेकवला. कट बाहेरून पडतो, पण तो खालच्या अंगाला, त्यामुळे त्यांना दिसतो ग्लासाच्या आतून, काचेच्या पलीकडून. बाबा पुढे सरकले. “जॉब हातात? फिक्श्चर नाही?” जॉब म्हणजे ज्यावर काम चाललंय ती वस्तू, आणि फिक्श्चर म्हणजे ती घट्ट धरून ठेवणारी पकड. मी भाषांतर करायचा प्रयत्न केला. फिक्श्चरला जपानीत काय म्हणतात ते मला येईना, तर बाबांनी हातानेच पकड दाखवली. ते गृहस्थ हसले, मान हलवली आणि स्वतःचे दोन कोपर टेबलाला टेकवून दाखवले. हेच फिक्श्चर.

चाकाखालून निघालेला कट पांढुरका, खरखरीत असतो. आंधळा. मग दगडाच्या चाकावर तो गुळगुळीत करायचा आणि शेवटी लाकडी चाकावर पॉलिशची ओली पूड लावून एकेक रेघ घासायची, तेव्हा काच उघडते. आम्लात बुडवूनही चकाकी आणतात, ते झटपट होतं, पण कडा किंचित मरतात. बाबांना हे सांगावं लागलं नाही. शोकेसमधले दोन ग्लास त्यांच्या नखाखाली गेले आणि त्यांनी बरोबर वेगळे काढले. परत येताना ट्रेनमध्ये म्हणाले, “धातूवर चुकला तर वेल्डिंग करून भरता तरी येतं. ह्याला काही नाही. गेलं की गेलं.” आजारपण सुरू झाल्यापासून ते इतकं बोलले नव्हते.

त्या आठवड्याच्या शेवटी आमच्याकडे इथली मराठी मंडळी जेवायला होती. पानं घेताना आईने बाबांपुढे फुलपात्र ठेवलं. मी ते उचललं आणि निळा ग्लास ठेवला, अर्धा भरून. आई म्हणाली, “राहू दे गं.” मी म्हटलं, “आई, सगळ्यांना काचेचे आहेत. बाबांनाच का नाही?” बाबा काही बोलले नाहीत. ग्लासाकडे बघून हसले, एवढं मी पाहिलं होतं.

वरण-भात झाला, गप्पा चालल्या होत्या. बाबांनी ग्लास उचलला, दोन्ही हातांनीच उचलला. हात ताटाच्या कडेपर्यंत आला आणि थरथर वाढली. ग्लासाचा तळ स्टीलच्या ताटावर तीन-चार वेळा वाजला. सगळे गप्प झाले, आणि तेच वाईट झालं. ते आवाज थांबवायला म्हणून त्यांनी ग्लास घाईने बाजूला घेतला आणि तो हातातून सुटून फरशीवर गेला.

जाड तळ तसाच राहिला, वरचं सगळं उडालं. बाबा लगेच खाली वाकले, तुकडे उचलायला. थरथरत्या हातांनी. मी आणि माझा नवरा “बाबा, राहू द्या, राहू द्या” करेपर्यंत बोट कापलं होतं. एक पाहुणे म्हणाले, “काका, काही नाही हो, काच आहे, फुटायचीच.” त्यांच्या बायकोने मला हळूच विचारलं, “केवढ्याचा होता?” मी उत्तर दिलं नाही. बाबांनी दिलं. त्यांना किंमत माहीत होती, रुपयांत करून ठेवलेली होती. म्हणाले, “मी रिटायर झालो तेव्हा माझा महिन्याचा पगार तेवढा होता.”

परत जाईपर्यंत त्यांनी आमच्या घरात काचेला हात लावला नाही. चहासुद्धा फुलपात्रातून. खिडकीपाशी बसायचे, मांडीवर टॉवेल नसायचा. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं ठरलं होतं, आले नाहीत. प्रकृती हे कारण होतंच. आता ते नाहीत.

हे ऐकल्यावर लोक दोन गोष्टी सांगतात. दोन्हींचा मला त्रास होतो, म्हणून इथेच लिहून टाकते.

पहिली, “जपानमध्ये फुटलेलं सोन्याने जोडतात ना?” किन्त्सुगी मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांचं काम आहे. उरुशी या झाडाच्या चिकाने तुकडे जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड लावतात. काचेच्या गुळगुळीत अंगावर तो चीक धड धरत नाही. खास उरुशी वापरून काही जण काचेवरही करतात, पण त्याला तुकडे तरी हवेत. आमच्याकडे केरसुणीने गोळा केलेला चुरा होता. आणि समजा जोडला असता, तरी भेगेने वस्तू अधिक सुंदर होते हे वाक्य त्या वेळी बाबांसमोर म्हणायची कुणाची छाती झाली असती का? ग्लास भेगाळला असता तर मी काहीतरी केलं असतं. भेगाळलं होतं ते दुसरंच.

दुसरी गोष्ट, “अगं, त्यांना स्टीलचंच द्यायचं होतंस.” हे माझा भाऊ म्हणतो, आणि त्याला म्हणायचा अधिकार आहे, कारण शेवटची वर्षं त्यानेच सगळं केलं. त्याचं म्हणणं असं की मी त्या दिवशी बाबांना नाही, माझ्या तत्त्वाला सांभाळलं. चार माणसांत माझ्या घरात शोकेस नाही हे दाखवायचं होतं. यात तथ्य किती, हे मला खरोखर ठरवता येत नाही. पाहुणे नसते तर फुलपात्र उचललं असतं का? उचललं असतं, असं मला वाटतं. शपथेवर सांगता येणार नाही.

पण माझीही बाजू आहे. दुखणं आल्यापासून बाबांच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेणं चाललं होतं. स्कूटर, दाढीचं ब्लेड, बँकेतली सही. प्रत्येक वेळी कारण बरोबर होतं. ज्या माणसाने आयुष्यभर हाताने माप घेतलं, त्याच्या हातात शेवटी न फुटणाऱ्या, न कापणाऱ्या, न सांडणाऱ्या वस्तूच उरल्या. त्या कारखान्यात मी त्यांना जॉबच्या जवळ सरकताना पाहिलं होतं. त्याच माणसासमोर फुलपात्र सरकवणं मला जमलं नाही. आजही जमणार नाही, असं लिहिते आणि लगेच ते ताटावर वाजलेले आवाज आठवतात.

तर “फुटला तर?” याचं उत्तर. फुटला. काय होतं ते मला माहीत आहे, आणि पैसे हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. वीस-पंचवीस हजार येन म्हणजे फुंकणाऱ्याचं आणि कापणाऱ्याचं, दोन वेगवेगळ्या माणसांचं काम. ते मला महाग वाटत नाही. शंभर येनच्या दुकानात साच्यातला ग्लास मिळतो, तोही पाणी देतो; ज्याला तेवढं पुरतं त्याने तो घ्यावा, माझी हरकत नाही.

जोडीतला दुसरा ग्लास, लाल, अजून रोज वापरात आहे. उकळतं पाणी घालत नाही, डिशवॉशरमध्ये टाकत नाही, ओट्यावर फडका अंथरून धुते. बाकी काही वेगळं करत नाही. हे बरोबर आहे हे सिद्ध करायला आता माझ्याकडे कागाया क्यूबेई नाही आणि नारिआकिराही नाही. मला असं राहायचं आहे, एवढंच.

एक बदल मात्र केला आहे. पान वाढायच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, पाणी कशातून देऊ? भाऊ म्हणतो, हेच बाबांना विचारायचं होतंस. मी म्हणते, चार माणसांत विचारलं असतं तर ते स्टीलचंच म्हणाले असते, मनात काहीही असो. तो म्हणतो, मग तेच द्यायचं होतं. दर भाऊबिजेच्या फोनवर आमचं हे होतं, आणि दर वेळी आई विषय बदलते.