पवईची फ्लॅपशेल: पावसाळ्याचा अपडेट

मुंबईच्या पवई तलावात मी फ्लॅपशेल ही मऊ पाठीची कासवं शोधत असतो. या सीझनची सगळ्यात मोठी प्रोग्रेस म्हणजे आता मी पाठ शोधतच नाही, डायरेक्ट नाक शोधतो. फ्लॅपशेल बराच वेळ तळाच्या चिखलात नाहीतर जलपर्णीच्या कडेला पाण्याखालीच असतं, श्वास घ्यायला वर आलं की फक्त नाकाचं टोक बाहेर, नळीसारखं निमुळतं आणि पुढे दोन बारीक भोकं, मागे डोळे दिसले तर दिसले. सकाळी वारा पडलेला असताना त्या टोकाभोवती पाणी किंचित हलतं, तेवढंच बघायचं. काठावर मान ताणून आरामात ऊन खात बसलेलं कडक पाठीचं कासव दिसलं तर आधी डोळ्यामागे लाल पट्टा आहे का बघा, तो असेल तर ते कोणीतरी घरून आणून सोडलेलं स्लायडर, म्हणजे पाळायचं परदेशी कासव, आपलं नाही. फ्लॅपशेल पण ऊन खातं, पण चाहूल लागली की क्षणात पाण्यात.

दुसरी गोष्ट, यंदा मोठ्या पावसात पवईतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधे एक फ्लॅपशेल चालत आलं, मोठं, जवळजवळ फूटभर, बहुतेक मादी कारण माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात. वनविभागाच्या १९२६ वर फोन केला, माणसं येईपर्यंत ते टबात होतं आणि मला पहिल्यांदा एवढ्या जवळून बघायला मिळालं. पाठीवर कडक खवले नाहीतच, हाडावर सरळ ओली गुळगुळीत कातडी. डोकं आत घेतलं तसा पोटाकडचा पुढचा भाग बिजागरीवर वर उचलला गेला, मग मागचे पाय आत गेले आणि त्यांच्यावर दोन मांसल झडपा येऊन बसल्या, पाय पूर्ण गायब! फ्लॅपशेल नाव याच झडपांमुळे. बराच वेळ काही हालचाल नाही, मग सगळ्यात आधी नाक बाहेर आलं. मान दिसते त्यापेक्षा खूप लांब असते आणि चावा जबरदस्त असतो, त्यामुळे हौस म्हणून हात लावू नका. शिवाय हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मधला प्राणी आहे, घरी ठेवणं म्हणजे सरळ गुन्हा.

आता काठाबद्दल, कारण माझं सगळं लक्ष हल्ली तिथेच आहे. पवई १८९१ चा तलाव, आपण पाणी किती घाण झालं यावरच बोलत राहतो, आणि ते खरंच आहे, पण फ्लॅपशेल तसं चिवट आहे, गोगलगायी, बेडूक, मासे, मेलेलं काहीबाही, पाणवनस्पती सगळं खातं, पाणी आटलं तर चिखलात गाडून घेऊन महिनोन्महिने काढतं. पण अंडी पाण्यात घालता येत नाहीत ना. त्याला मऊ मातीचा उतार लागतो, खड्डा खणून गोल कडक कवचाची अंडी पुरायची आणि ती कित्येक महिने तशीच मातीत राहणार. तिथे दगडी भिंत घातली की मादी वर चढणार कशी आणि पिल्लू खाली येणार कसं? म्हणून मे २०२२ मधे हायकोर्टानं तलावाकाठचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. माझ्या मते पवईत कासवांसाठी काही एकच वाचवायचं असेल तर तो मातीचा काठ.

फोटोंमधे काही जण फ्लॅपशेलचा लीथच्या सॉफ्टशेलशी, म्हणजे दुसऱ्या एका मऊ पाठीच्या कासवाशी, गोंधळ करतात. लीथचं हे दख्खनच्या नद्यांमधलं, बरंच मोठं होणारं कासव, १८७२ मधे ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं वर्णन केलेलं, आता फारच दुर्मिळ झालंय आणि २०२२ मधे साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १ मधे गेलं. मागचा भाग नीट दिसत असेल तर सोपं आहे, त्याला झडपा नसतात.

पुढचं काम म्हणजे पाणी उतरल्यावर उताराच्या मातीत ओरखडे, उकरलेल्या जागा आणि कुत्र्या-मुंगसांनी फोडलेली टरफलं शोधायची, पायवाट न सोडता. घरटं सापडलं तर लोकेशन टाकणार नाही, विकायला पकडणारे लोक पण फोटो बघतात. तुम्ही पण कॅमेऱ्याचं जीपीएस बंद ठेवा आणि मागची ओळखता येणारी बिल्डिंग क्रॉप करूनच टाका.