बायोसबी करून टाकू का?

तुम्ही विचारलंत म्हणून. लातूरचा डीटीपीवाला असो की परभणीच्या सेतू केंद्रातला पोरगा, प्रश्न एकच असतो: "दादा, मदरबोर्डचे ड्रायव्हर अपडेट करायलोय, सोबत बायोसबी करून टाकू का?"

ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला बोर्डवरचे भाग चालवायला लावणारी छोटी सॉफ्टवेअरं, टाका. बायोसला, म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्याही आधी धावणाऱ्या प्रोग्रामला, मात्र कारण लागतं.

ड्रायव्हर बिघडला तरी बहुतेक वेळा विंडोज चालू राहतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज उघडून 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबलं की जुना परत. बायोस राहतो बोर्डवरच्या आठ पायांच्या चिपमध्ये. ती लिहिली जात असताना लाईट गेली, की पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच. मग दुकानात प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून चिप पुन्हा लिहून घ्यायची.

आधी 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये बेसबोर्ड प्रॉडक्ट (म्हणजे बोर्डचं मॉडेल) आणि बायोसची तारीख बघा. कॅबिनेट उघडून बोर्डवर छापलेला रिव्हिजन नंबरही बघा. नाव तेच, पण रिव्हिजन वेगळी असेल तर फाइलही वेगळी असू शकते. चिपसेटचा (बोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य चिपचा) ड्रायव्हर पहिला, मग लॅन, मग ऑडिओ. विंडोज नव्यानं टाकणार असाल तर लॅनचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. एका क्लिकमध्ये सगळं अपडेट करणारी फुकट सॉफ्टवेअरं नकोतच.

इंटेलच्या चिपसेट ड्रायव्हरवर १८ जुलै १९६८ ही तारीख बघून लोक हबकतात. ती कंपनीच्या स्थापनेची तारीख. मुद्दाम जुनी टाकलेली, म्हणजे विंडोज त्याला नवा समजून दुसऱ्या खास ड्रायव्हरच्या जागी बसवत नाही.

आता बायोसची कारणं. एएमडीच्या जुन्या बी४५० चिपसेटच्या बोर्डवर त्याच कंपनीचा नंतरचा रायझन ५००० प्रोसेसर बसवायचा असेल तर जुना प्रोसेसर काढायच्या आधीच बायोस करा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना व्होल्टेजचा त्रास होता. त्यावरचा २०२४चा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसमधून येतो. झालेलं नुकसान त्यानं भरून निघत नाही, पुढचं टळतं. सुरक्षेची त्रुटी भरलेली असेल तरी करा. नुसतं 'स्टॅबिलिटी सुधारली' एवढंच लिहिलेलं असेल आणि मशीन नीट चालत असेल, तर राहू द्या.

करायचंच ठरलं तर वळवाचं आभाळ भरून आलेलं असताना नको. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा; साध्या मोडमध्ये लाईट जाताना मशीन रिस्टार्ट होऊ शकतं. यूपीएस असेल तर आदल्या दिवशी मशीन चालू ठेवून प्लग काढा. दहा मिनिटं तग धरत नसेल तर बॅटरी बदला, मगच पुढं.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर सस्पेंड करा, नाहीतर पुढच्या वेळी ४८ आकडी की मागून बसेल. बायोसच्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढा. फाइल अनझिप करून एफएटी३२मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्याच अपडेटच्या सोयीनं (कंपनीप्रमाणे नाव क्यू-फ्लॅश, एम-फ्लॅश किंवा ईझी फ्लॅश) चढवा, विंडोजमधून नको. नंतर सेटिंग मूळपदावर जातात: एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग) बंद होऊन रॅम मंदावते, साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) किंवा लिगसी बूट (विंडोज सुरू करण्याची जुनी पद्धत) बदललं तर विंडोज उठतच नाही. फोटो बघून सगळं परत लावा.

पहिल्यांदा चालू होताना, विशेषतः डीडीआर५ रॅमवर, स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. तेवढा वेळ पॉवर बटणापासून हात लांब ठेवा.