काऊन बे, बुडून नाही रायला?

आपल्याला पोहता येतं, असं नागपूरच्या माणसाने कोकणात जाऊन सांगू नये. मी सांगितलं.

नागपूर-मडगाव गाडीत अख्खा दिवस काढून कुडाळला उतरलो आणि मालवणजवळचं देवबाग गाठलं. त्या प्रवासाबद्दल कंबर सोडून कुणाला काही सांगण्यासारखं नाही. राहिलो त्या घरचा मुलगा ओहोटीला छातीभर पाण्यात बुड्या मारून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरतो, हे कळलं आणि मी ताठ झालो. लहानपणी भंडाऱ्याकडे आजोबांसोबत धानाच्या धुऱ्यातल्या, म्हणजे बांधातल्या, बिळांत हात घालून मी खेकडे काढलेत. त्यात काय एवढं!

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणून तिकडे नाही, इथेच, असं म्हणत त्याने मला मास्क आणि हातमोजे दिले. मी दम भरून बुडी मारली आणि बुचासारखा वर आलो. अंबाझरीच्या टँकमध्ये सहज तळ गाठणारा मी, इथे खारं पाणी खाली जाऊच देईना. डोकं पाण्यात, बूड उन्हात. काठावरून मित्र ओरडला, "काऊन बे, बुडून नाही रायला?"

"पोहूक येता म्हणालात ना?" मुलाने हसू दाबत विचारलं. मग दाखवलं: कमरेत वाकायचं, डोकं सरळ खाली, पाय आभाळाकडे. पाण्याबाहेरच्या पायांचं वजनच माणसाला खाली ढकलतं.

तळाशी नुसती वाळू. मग त्या वाळूत देठांवरचे दोन डोळे दिसले. मी हात नेला, तर कुर्ली वाळू उडवून आडवी पोहत निघून गेली! धुऱ्यातला खेकडा बिळात तरी शिरतो, हिचे मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे. आजोबांची विद्या तिथेच संपली.

चौथ्या खेपेला धरली. धरायची मागून, त्या वल्ह्यांच्या मुळाशी, तिथे नांगी पोचत नाही. मी जरा बाजूने धरली. अंगठा आठवडाभर निळा होता. पाण्यात ताटाएवढी वाटलेली कुर्ली वर बशीएवढी निघाली. मास्कमधून सगळंच सुमारे तिसऱ्या हिश्शाने मोठं दिसतं म्हणे. तरी मी ती झेंड्यासारखी उंच धरली.

मुलाने ती उलटी केली. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गोळा.

"सोडूक व्हयी. अंडी आसत."

आणि सोडलीसुद्धा. इथे मला फार बरं वाटलं असं लिहायला हवं, पण खरं सांगतो, राग आला. एक दिवस गाडी, दोन तास खारं पाणी, एक अंगठा, आणि हा पोरगा मला न विचारता सोडतो! तो बरोबर होता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे राग आणखी वाढला.

रात्री त्याच्या आईने बाजारातल्या कुर्ल्यांचं सार केलं. सावजीची जीभ घेऊन गेलेल्याला ते फिकं लागलं, तरी तीनदा भात घेतला. दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. गर्दी होती.