राऊला राहायला आलात? मग गावाच्या बाजूला वळा

इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने महूकडे निघालं की राजेंद्र नगर मागे पडतं आणि राऊ येतं. लोकमान्य नगरातलं घर सोडून आम्ही राऊच्या टोकाला नव्या कॉलनीत राहायला आलो, त्याला आता तिन्ही ऋतू बघून झालेत. रेल्वेचा रूळ तोच आहे: सैफी नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, राऊ, पुढे महू. पण खाण्यापिण्याच्या दृष्टीने गाव बदलल्यासारखंच झालं. कॉलनीच्या फाटकासमोर एका ओळीत नवी दुकानं आहेत. मोमो, पिझ्झा, नूडल्स, केक. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, ती सगळीकडे सारखीच असतात आणि दर सहा महिन्यांनी त्यांच्या पाट्या बदलतात. आमच्या मागोमाग सुदामा नगर, तिलक नगर, लोकमान्य नगरातली बरीच मराठी घरं इकडे येताहेत. जो येतो तो आठवडाभरात विचारतो, "इकडे खायचं कुठे हो?" आणि उत्तर मिळेपर्यंत दर शनिवारी गाडी काढून छप्पनला, म्हणजे इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत, जातो.

माझं ठाम मत आहे की त्याची गरज नाही. राऊ हे शहराचं शेपूट नव्हे, ते आधीपासूनचं गाव आहे. त्याचा बाजार आहे, स्टेशन आहे, हाट आहे, आणि तिथे खाणारं गिऱ्हाईक रोजचं आहे. कॉलनीकडे पाठ करून जुन्या वस्तीत शिरा आणि घड्याळाकडे बघून शिरा, कारण इथे प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. चुकीच्या वेळी गेलात तर त्याच ठेल्यावर तोच पदार्थ मिळूनही तुम्ही नाराज होऊन परत याल.

सकाळच्या पोह्यांपासून सुरुवात करते. राऊवरून पीथमपूरच्या कारखान्यांच्या बस जातात. पहिल्या पाळीचे कामगार उजाडायच्या आत रस्त्यावर उभे असतात, म्हणून इथले पोह्यांचे ठेले शहरातल्यापेक्षा लवकर लागतात. कामगार, दूधवाले, शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर ही मंडळी रोज तिथेच खातात. रोज येणाऱ्या माणसाला शिळं देऊन चालत नाही, हे त्या ठेल्यांचं खरं प्रमाणपत्र. रविवारी बस कमी, त्यामुळे सगळं तासभर उशिरा सुरू होतं. एरवी नवाच्या आत जा. दहानंतर परातीच्या तळाशी जे उरतं ते पोटभरीला ठीक, पण त्यावरून मत बनवू नका.

आपण घरी पोहे फोडणीत परततो, झाकण ठेवतो, एक वाफ काढली की झालं. ठेल्यावर खाली पाण्याचं पातेलं सारखं उकळत असतं आणि पोह्यांची परात त्या वाफेवर बसलेली असते. त्यामुळे तेल कमी लागतं आणि पोहे शेवटपर्यंत मऊ राहतात. फोडणीत बडीशेप असते, चवीला साखर असते. मी जिथे जाते तिथला भाऊ एका हाताने कागदावर पोहे घेतो आणि दुसऱ्या हाताने न बघता एकामागून एक डब्यांत हात घालतो: शेव, बारीक कांदा, मसाला बुंदी, कोथिंबीर. मग लिंबू पिळतो आणि सगळ्यात शेवटी जिरावण. ते तो चिमटीने टाकत नाही, हात उंच धरून भुरभुरतो, म्हणजे एका जागी गोळा न होता सगळीकडे पसरतं. जिरावणात जिरं, धने, बडीशेप, सुंठ, लवंग, हिंग, आमचूर, काळं मीठ असं बरंच काही असतं आणि प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. लहान मुलं बरोबर असतील तर ते वेगळं मागून घ्या, बिनदिक्कत देतात.

ठेला निवडताना मी दोन गोष्टी बघते. पातेल्यातून वाफ दिसतेय का, आणि शेवेचा डबा झाकलेला आहे का. शेव सादळली की सगळी मजा गेली. जलेबी शेजारीच तळली जात असेल तरच घ्या, आधी तळून ढीग लावून ठेवलेली नको. कढई रिकामी दिसली तर थांबा. "दीदी, पाँच मिनिट रुको, ताजा घान उतर रिया हे," असं तो स्वतःहून म्हणाला तर ठेला चांगला आहे असं समजा, कारण त्याला थंड जलेबी विकायची लाज वाटतेय.

उसळ-पोह्यांचं मात्र कबूल करायला हवं. इंदूरच्या राजवाड्याच्या बाजूला आपल्या मराठी लोकांनी रुजवलेले ते झणझणीत उसळ-पोहे मला राऊला अजून तसे सापडलेले नाहीत. ती तहान राजवाड्यावरच भागते. उपवासाचं उलट आहे. एकादशीला आणि श्रावणी सोमवारी गावातल्या बाजारात साबुदाण्याची खिचडी मिळते, आणि सासूबाईंना, ज्यांच्या हातची तूप-जिऱ्याची, भरपूर कुटाची खिचडी आमच्याकडे प्रमाण मानली जाते, त्यांनाही ती आवडली. ही वाफेवरची असते, पांढरी, मोकळी. द्यायच्या वेळी तिच्यात बटाट्याचा चिवडा, मसाला, लिंबू कालवतात. कडक उपवास करणाऱ्यांनी मसाल्यात काय आहे ते आधी विचारावं.

संध्याकाळचं थोडक्यात. चार ते सहा कचोरी-समोसा, त्यानंतर शेव-परमल. परमल म्हणजे आपले चुरमुरे. कांदा, शेव, मिरची घालून पुडीत देतात. लवंग शेव घरी न्यायची असेल तर जिथे ती त्याच दिवशी तळतात तिथून न्या आणि थोडी थोडी न्या.

रविवारच्या जेवणाला दाल-बाफले. राऊ सर्कलपासून बायपास आणि महू रस्त्यावर बरेच ढाबे आहेत, आणि त्यांच्यात खूप फरक आहे. बाफल्याचं पीठ जाडसर गव्हाचं, बहुतेक ठिकाणी त्यात थोडं मक्याचं, ओवा आणि मोहन. गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकडतात, मग शेकतात, मग तुपात बुडवतात. प्रश्न शेकण्याचा आहे. "कंडे पे सेंकते हो क्या?" असं सरळ विचारा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर शेकलेल्या बाफल्याचं कवच ठिकठिकाणी काळपट, खरपूस होतं आणि तूप त्या भेगांतून आत जातं. भट्टीतला एकसारखा बदामी दिसतो, तुपाचा थर वरच राहतो. बाफला हाताने कुस्करा, त्यावर डाळ, मग लसणाची चटणी, मधूनमधून कढी, आणि शेवटी लाडू. दोन बाफले म्हणजे पोट भरलं. वाढपी तिसरा आग्रहाने टाकेल, तेव्हा ताटावर हात आडवा धरा. दुपारी दोननंतर गेलात तर बाफले परत गरम केलेले मिळतात, म्हणून साडेबाराला पोचा. आणि त्या दुपारी दुसरं काही काम ठेवू नका.

ऋतूंचं सांगायलाच हवं, कारण राऊला राहण्याचा खरा फायदा इथे आहे. शेतं जवळ आहेत. पावसाळ्यात भुट्टे का कीस खायचा तो इकडेच. शेजारच्या माळवी भाभीजींनी मला कणसं निवडायला शिकवलं: नखाने दाणा दाबला की दूध यायला हवं, आणि मका देशीच हवा. अमेरिकन मक्याचा कीस गोडमिट्ट होतो आणि पाणी सुटतं. किसलेला मका तुपात हिंग-मोहरी-मिरचीच्या फोडणीवर मंद आचेवर परततात, मग दूध घालून आटवतात. ठेल्यावर खाताना कढईच्या कडेला लागलेला खमंग भाग मागा. लाजू नका, मागणाऱ्यालाच मिळतो.

थंडी पडली की गराडू. महाराष्ट्रातून पाहुणे आले की मी त्यांना आधी हा कंदच दाखवते. ओबडधोबड, मातीने भरलेला, आणि सोलताना हाताला अशी खाज सुटते की ठेलेवाले आधी तेल चोळून घेतात. तुकडे मंद तेलात तळून बाजूला ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की कडक तेलात दुसऱ्यांदा सोडतात. त्या वेळी आवाज बदलतो. आधीचा बुडबुड्यांचा खळखळाट कमी होत जाऊन कोरडा खडखड आवाज येतो, मग झारा वर येतो. वरून तिखट-आंबट मसाला आणि लिंबू. "कडक करना" असं सांगायला विसरू नका, नाहीतर घाईच्या वेळी अर्धवट तळलेले मिळतात आणि घशाला टोचतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ. मार्चमध्ये कुठे दिसले तरी टाळा.

आणि बटाटा. केंद्राच्या एक जिल्हा एक उत्पादन योजनेत इंदूर जिल्ह्याच्या वाट्याला बटाटाच आलेला आहे, आणि महूजवळचं कोदरिया गाव चिप्ससाठी ओळखलं जातं. उन्हाळा लागताना इकडे मोकळ्या मैदानांत बटाट्याचे काप वाळत घातलेले दिसतात. वर्षभराच्या उपवासाच्या चिप्स घरी करणं ज्यांना आता झेपत नाही त्यांनी तिथून वाळवलेल्या किलोवर आणाव्यात. आणल्यावर घरी आणखी दोन दिवस कडक ऊन द्या.

आता खास एका दिवसाच्या फेरीबद्दल, जी राऊकरांनी पावसाळ्यात करावीच. महूच्या पुढे पातालपानी, तिथून घाट उतरून कालाकुंड. ही जुनी मीटरगेजची वाट; 25 डिसेंबर 2018 पासून तिथे हेरिटेज गाडी सुरू झाली. बोगदे, उंच पूल, खाली दरी आणि पाऊस. आम्ही श्रावणात गेलो. मुलं खिडकी सोडायला तयार नव्हती, आणि माझं लक्ष मात्र कालाकुंडच्या कलाकंदाकडे लागलेलं होतं. स्टेशनावर गावातली माणसं तो पळसाच्या पानांच्या द्रोणात विकतात. शहरातल्या मिठाईच्या दुकानातल्या कलाकंदासारखे सुबक चौकोनी तुकडे नसतात. दाणेदार, ओलसर, गोडाला बेताचा, आणि आटवलेल्या दुधाचा हलका धुरकट वास. आमच्याकडून पहिला द्रोण तिथे उभ्यानेच संपला, दुसरा सासूबाईंसाठी बांधून घेतला.

जाणाऱ्यांसाठी: गाडी फक्त हंगामात आणि बहुतेक शनिवार-रविवारी असते, तेव्हा वेळ आणि आरक्षण रेल्वेच्या साइटवर आधीच बघा, ऐनवेळी तिकीट मिळेल या भरवशावर मुलांना घेऊन जाऊ नका. कलाकंद उतरल्या उतरल्या घ्या, परतीच्या वेळेपर्यंत संपतो. स्टीलचा डबा बरोबर न्या, द्रोणातून पिशवीत गळतो. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका, घाटात माकडं आहेत. घरून दशम्या आणि चटणी घेऊन जा, कारण तिथे भजी-चहापलीकडे जेवणाची सोय धरू नये. पातालपानीचा धबधबा लांबून बघा. वर पाऊस झाला की पाण्याचा लोंढा अचानक येतो आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. आणि 14 एप्रिलच्या आसपास महूच्या रस्त्याने निघणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. बाबासाहेबांच्या जन्मस्थानी महाराष्ट्रातून हजारो माणसं येतात, रस्ता सकाळपासून भरलेला असतो.

सराफा, म्हणजे राजवाड्याजवळचा रात्रीचा खाण्याचा बाजार, सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त राऊहून जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, आणि साडेनवानंतर पोचा. सोन्याचांदीची दुकानं मिटल्याशिवाय ठेले पूर्ण लागत नाहीत. संध्याकाळी घरी वरण-भातच खा, म्हणजे भुकेने पहिल्याच ठेल्यावर पोट भरणार नाही. गाडी राजवाड्याच्या अलीकडेच लावून पायी आत शिरा. चौघांत एक प्लेट घ्या, तरच दहीवडा, खोपरा पॅटिस, मालपुआ असं सगळं चाखून होतं. गराडू मात्र तिथे घेऊ नका, ते राऊला दुसऱ्या दिवशी निवांत मिळतात, तेही कमी पैशांत.